थकलेला पगार मागायचा कोणापुढे? योग्य न्यायालय, न्यायाधिकरण किंवा अधिकारी निवडण्याची रीत

पगार थकल्यावर बहुतेक जण पहिल्यांदा चांगला वकील शोधतात. मात्र त्याआधी सोडवावा लागणारा प्रश्न असा आहे, की ही रक्कम मागण्याचा अर्ज नेमका कोणापुढे चालू शकतो. आपल्या देशात थकीत वेतनासाठी एकच एक न्यायालय नाही. वेतन संहितेखालचा अधिकारी, औद्योगिक न्यायाधिकरण, महाराष्ट्रातील औद्योगिक न्यायालय, प्रशासकीय न्यायाधिकरण, दिवाणी न्यायालय आणि कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण, अशी निरनिराळी दारे आहेत. यांपैकी चुकीचे दार ठोठावले तर ‘या प्रकरणावर आम्हाला अधिकारिता नाही’ हे उत्तर मिळायलाच वर्ष-दोन वर्षे जातात आणि तोवर योग्य ठिकाणची मुदत संपत आलेली असते.

अर्ज लिहायला घेण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी मांडाव्यात. मागितलेली रक्कम नेमकी कशाची आहे? आपण प्रत्यक्षात कोणत्या स्वरूपाचे काम करत होतो? मालक कोण आहे, म्हणजे खाजगी कंपनी, कंत्राटदार, केंद्र सरकारचा उपक्रम की राज्य सरकार? आणि रक्कम कोणत्या तारखेला देय झाली? यांतील पहिल्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि दार ठरते ते बहुधा त्याच प्रश्नाच्या उत्तरावरून.

साधा थकलेला पगार : वेतन संहितेखालचा अधिकारी

मालक पगाराचा दर नाकारत नाही आणि आपण काम केले हेही नाकारत नाही, फक्त पैसे देत नाही, असे असेल तर पहिले दार वेतन संहिता, २०१९ खाली नेमलेल्या अधिकाऱ्याचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि वेतन प्रदान अधिनियम १९३६, किमान वेतन अधिनियम १९४८, बोनस अधिनियम १९६५ व समान वेतन अधिनियम १९७६ या चार कायद्यांची जागा वेतन संहितेने घेतली. त्यामुळे थकलेला पगार, किमान वेतनापेक्षा कमी दिलेली रक्कम, बेकायदा कपात आणि न दिलेला बोनस हे सगळे आता कलम ४५ खाली एकाच अधिकाऱ्यापुढे मागता येते. हा अधिकारी राजपत्रित दर्जापेक्षा कमी नसतो आणि साक्षीदार बोलावणे, कागद हजर करायला लावणे यांसाठी त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात.

जुन्या कायद्याच्या तुलनेत झालेला सर्वांत महत्त्वाचा बदल हा, की पगाराची मर्यादा गेली आहे. वेतन प्रदान अधिनियमाचा लाभ २०१७ पासून महिना २४,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच मिळत असे, त्याहून जास्त पगाराच्या माणसाला तेथे उभे राहता येत नसे. नव्या संहितेतील ‘कर्मचारी’ या शब्दात पर्यवेक्षक, व्यवस्थापक आणि प्रशासकीय काम करणारे हेही येतात. ‘मी मॅनेजर आहे, म्हणून कामगार कार्यालय माझ्यासाठी नाही’ ही समजूत पगाराच्या दाव्यापुरती आता सोडून द्यावी. शिकाऊ उमेदवार कायद्याखालील शिकाऊ मात्र या व्याख्येबाहेर आहेत.

मासिक पगार पुढील महिन्याचा सातवा दिवस संपण्याच्या आत दिला गेला पाहिजे. राजीनामा दिला किंवा कामावरून काढले, तर कमावलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देणे बंधनकारक आहे. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी होईल’ असे कंपनीच्या धोरणात छापलेले असले तरी कायद्याने दिलेला हक्क सोडून देणारा करार टिकत नाही. लॅपटॉप परत केला नाही, नोटीस कालावधी पूर्ण केला नाही अशा सबबींवर सगळा पगार अडकवून ठेवणेही योग्य नाही, कारण कपात कायद्यात नमूद केलेल्या कारणांसाठीच करता येते आणि एका वेतन कालावधीतील एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही.

दावा उद्भवल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो आणि सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो. जुन्या वेतन प्रदान अधिनियमात हीच मुदत १२ महिन्यांची आणि किमान वेतन अधिनियमात सहा महिन्यांची होती. म्हणून ज्यांचा पगार २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वी थकला आहे, त्यांनी आपल्या हाती निवांत तीन वर्षे आहेत असे धरून चालू नये. अर्ज लगेच दाखल करावा आणि त्यासोबत विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज जोडावा. माफीची गरज नाही असे ठरले तर त्या कागदाने काही बिघडत नाही, पण तो नसेल तर चांगला दावाही मुदतीच्या मुद्द्यावर पडू शकतो.

अर्ज स्वतः कर्मचारी, तो ज्या नोंदणीकृत संघटनेचा सदस्य आहे ती संघटना, किंवा निरीक्षक-तथा-सुविधाकार, म्हणजे संहितेखाली तपासणीसाठी नेमलेला सरकारी अधिकारी, करू शकतो. एकाच आस्थापनेतील कितीही जणांचा मिळून एक अर्ज चालतो. सर्वांचा पगार थकला असताना प्रत्येकाने वेगळा अर्ज करण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही, कारण एकट्या अर्जदाराला बोलावून अर्धी रक्कम हातावर ठेवून सही घेणे मालकाला सोपे असते. अधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मंजूर करू शकतो, अर्थात हा वरचा आकडा आहे, हमखास मिळणारा नव्हे. निर्णय तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न करावा असे संहिता सांगते. सर्वांत उपयुक्त तरतूद पुराव्याच्या भाराची आहे : पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, दिला नाही हे सिद्ध करण्याची कर्मचाऱ्यावर नाही. निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांच्या आत वरच्या दर्जाच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते.

कंत्राटदाराकडे काम करणाऱ्यांनी अर्जात कंत्राटदार आणि ज्या आस्थापनेत प्रत्यक्ष काम केले तिचा मालक या दोघांनाही प्रतिवादी करावे. कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत तर आस्थापनेच्या मालकावर जबाबदारी येते. कंत्राटदार कार्यालयाला कुलूप लावून निघून गेल्यावर हेच दुसरे नाव कामी येते.

राज्याचे कार्यालय की केंद्राचे?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अर्ज परत येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. रेल्वे, खाणी, तेलक्षेत्रे, मोठी बंदरे, हवाई वाहतूक, दूरसंचार, बँका, विमा कंपन्या आणि केंद्र सरकारचे उपक्रम यांच्यासाठी ‘समुचित शासन’ केंद्र सरकार असते, तर उरलेल्या कारखाने, दुकाने, कार्यालये, हॉटेले, खाजगी रुग्णालये वगैरेंसाठी राज्य सरकार. पहिल्या गटासाठी प्रादेशिक कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्या यंत्रणेकडे जावे, दुसऱ्यासाठी जिल्ह्यातील राज्याच्या सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात. रेल्वे स्थानकावर सफाई करणारा माणूस खाजगी कंत्राटदाराच्या पटावर असला तरी, ते कंत्राट रेल्वेच्या आस्थापनेसाठी असल्यामुळे तो केंद्राच्या कक्षेत येतो. दार ठरवताना पगारपत्रकावरील नावाइतकेच प्रत्यक्ष काम कोणाच्या आस्थापनेत चालले होते हेही पाहावे. आपल्या क्षेत्रासाठी कलम ४५ खालचा अधिकारी म्हणून कोणाची नेमणूक झाली आहे, हे त्याच कार्यालयात विचारून अर्जाच्या शीर्षकात त्या पदाचे नाव अचूक लिहावे.

हक्कच वादात असेल तर

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे रक्कम कशाची आहे, याकडे परत येऊ. समजा, एका वेल्डरचा तीन महिन्यांचा ठरलेला पगार थकला आहे. येथे हक्क ठरलेला आहे, फक्त वसुली राहिली आहे. दुसऱ्या वेल्डरचे म्हणणे असे, की मला हेल्परच्या दराने पगार देतात, पण मी कुशल कामगार असल्यामुळे मला वरच्या श्रेणीचा पगार मिळायला हवा. येथे आधी हक्क ठरवावा लागेल, मग हिशेब. तिसऱ्याला बेकायदा काढून टाकले आहे आणि तो मधल्या काळाचा पगार मागतो आहे. त्याचा पगार तो कामावर परत घेतला जाण्यास पात्र आहे की नाही, यावर अवलंबून आहे. तिघांनाही बोलीभाषेत ‘पगार थकला’ असेच म्हटले जाते, पण तिघांची दारे सारखी नाहीत.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ३३-क (२) खाली कामगार न्यायालयात पैशाचा हिशेब मागता येत असे. सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाबाबत वारंवार, विशेषतः दिल्ली महानगरपालिका विरुद्ध गणेश रझाक या निकालात, स्पष्ट केले की हे न्यायालय आधीच अस्तित्वात असलेल्या हक्काची किंमत काढू शकते, नवा हक्क निर्माण करू शकत नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या कलम ५९ मध्ये हीच योजना औद्योगिक न्यायाधिकरणाकडे आली आहे. एखादा निवाडा किंवा तडजोडीचा करार हातात असेल आणि त्याखालचे पैसे मिळत नसतील, तर त्याच कलमाखाली शासनाकडे वसुली प्रमाणपत्रासाठी एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. श्रेणी, पदनाम, बडतर्फी यांसारखा मूळ वाद असेल तर आधी समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवू पाहणाऱ्या शासकीय अधिकाऱ्याकडे, जायचे. बडतर्फीच्या वैयक्तिक वादात त्यांच्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर कामगाराला थेट न्यायाधिकरणात जाता येते. समेटासाठी वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या पलीकडे थांबू नये.

या मार्गासाठी आपण ‘कामगार’ या व्याख्येत बसावे लागते, आणि येथे वेतन संहितेइतका विस्तार नाही. व्यवस्थापकीय व प्रशासकीय काम करणारे वगळलेले आहेत, तसेच पर्यवेक्षकाचे काम करून महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारेही. श्रमिक पत्रकार आणि विक्री संवर्धन कर्मचारी, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी वगैरे, यांचा मात्र समावेश आहे. पदनामावर जाऊ नये. व्हिजिटिंग कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापलेले असले, पण रजा मंजूर करण्याचा, माणसे नेमण्याचा किंवा स्वतंत्र निर्णय घेण्याचा कसलाही अधिकार नसला आणि दिवसभर नोंदी करण्याचे किंवा यंत्र चालवण्याचेच काम असले, तर न्यायालय त्या प्रत्यक्ष कामाकडे पाहते.

महाराष्ट्रात आणखी एक मार्ग आहे. १९७१ च्या महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतच्या अधिनियमाच्या अनुसूची चारमधील नवव्या बाबीनुसार निवाडा, तडजोड किंवा करार न पाळणे ही अनुचित प्रथा ठरते आणि तिची तक्रार औद्योगिक न्यायालयात करता येते. करारानुसार ठरलेली वेतनवाढ सगळ्या खात्याला दिली नाही, अशा सामूहिक प्रकरणात हा मार्ग विशेष उपयोगी पडतो, कारण येथे अंतरिम आदेश मागता येतो. मुदत मात्र फार आखूड, घटनेपासून ९० दिवसांची आहे.

सरकारी नोकर आणि शिक्षक

राज्य सरकारच्या नागरी सेवेतील कर्मचाऱ्याने वेतन, वेतननिश्चिती किंवा थकबाकीचा वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात न्यावा, तर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात. दोन्हीकडे आधी खात्यांतर्गत निवेदन द्यावे लागते. अंतिम आदेश मिळाल्यास त्यापासून एक वर्षाची मुदत असते, आणि निवेदनाला उत्तरच आले नाही तर सहा महिने वाट पाहून पुढचे एक वर्ष. वारंवार स्मरणपत्रे पाठवल्याने ही मुदत वाढत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते.

शिक्षकांच्या बाबतीत गफलत हमखास होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा कामगार नव्हे असे ठरवले आहे. खाजगी शाळांसाठी १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरण आहे खरे, पण ते बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती आणि डावलून दिलेली पदोन्नती यांवरील अपिले ऐकते. नुसता पगार थकल्याची तक्रार तेथे चालत नाही. अनुदानित शाळेत शिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी मागणी करून, तेथे काही झाले नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका, हा रूढ मार्ग आहे.

दिवाणी न्यायालय कधी?

वेतन संहितेखाली जे वसूल करता आले असते, त्याच्यासाठी दिवाणी दावा चालवून घेण्यास संहितेनेच मनाई केली आहे. त्यामुळे सवयीने दिवाणी न्यायालयात धाव घेणाऱ्या नियमित कर्मचाऱ्याला पहिला अडथळा याच मनाईचा येतो. दिवाणी न्यायालय खरे उपयोगी पडते ते मालक-नोकर हे नातेच नसते तेव्हा, म्हणजे सल्लागार, फ्रीलान्सर, करारावर काम करून बिल देणारा लेखापाल किंवा डिझायनर यांना. अशा दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते, दाव्याच्या रकमेनुसार न्यायालय शुल्क भरावे लागते, आणि लेखी करारात रक्कम निश्चित असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो, ज्यात प्रतिवादीला आपोआप बचाव करू दिला जात नाही, आधी परवानगी घ्यावी लागते.

काम हाती घेण्यापूर्वीच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंदणी, केलेल्या व्यावसायिकाला याहून बरा पर्याय आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमाखाली सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. बिल देण्याची मुदत लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

ग्राहक आयोगाकडे पगाराची तक्रार करू नये, कारण नोकर हा मालकाचा ग्राहक नव्हे. पोलीस ठाण्यातही नुसत्या थकीत पगाराचा गुन्हा सहसा नोंदवला जात नाही. मात्र पगारातून भविष्य निर्वाह निधीची कपात करून ती रक्कम भरलीच नसेल, तर ते प्रकरण वेगळे आहे आणि त्याची तक्रार भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे स्वतंत्रपणे करावी. ग्रॅच्युइटीसाठीही प्राधिकारी वेगळा असतो. तिन्ही मागण्या एकाच अर्जात कोंबल्या, की अधिकारी एक ऐकून उरलेल्या दोन बाजूला ठेवतो.

कंपनीच बुडाली तर

कंपनीविरुद्ध नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली प्रक्रिया सुरू झाली, की स्थगिती लागू होते आणि इतर न्यायालयांतील व अधिकाऱ्यांपुढील वसुलीची कामे थांबतात. अशा वेळी नवा अर्ज कामगार कार्यालयात न करता, जाहीर नोटिशीत नाव असलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे या प्रक्रियेत कंपनीचा कारभार पाहणाऱ्या नेमलेल्या व्यावसायिकाकडे, ‘नमुना ड’ मध्ये दावा दाखल करावा. त्या नोटिशीतील मुदत अतिशय कमी असते, म्हणून कंपनीची स्थिती डळमळीत दिसू लागताच वर्तमानपत्रातील जाहीर नोटिसांवर लक्ष ठेवावे. कंपनी अवसायनात गेलीच, म्हणजे ती बंद करून मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आलीच, तर त्याआधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारणधारक कर्जदात्यांच्या बरोबरीने येतात, इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी त्यानंतर. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधीची रक्कम अवसायनाच्या मालमत्तेत धरली जात नाही.

स्वतः कर्मचाऱ्यांनी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात कंपनीविरुद्ध अर्ज करण्याची वाटही आहे, पण २०२० पासून त्यासाठी किमान एक कोटी रुपयांची थकबाकी लागते. एकट्या माणसाला हा आकडा क्वचितच गाठता येतो. संघटनेला सदस्यांच्या वतीने असा अर्ज करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका ताग गिरणीच्या प्रकरणात मान्य केले. कंपनीने आधीपासून लेखी वाद उपस्थित केला असेल तर मात्र हा अर्ज टिकत नाही, आणि धमकी म्हणून वापरण्याचे हे हत्यारही नव्हे.

अर्ज आणि त्यानंतर

अर्जात नोकरीची सुरुवातीची तारीख, ठरलेला पगार, थकलेल्या प्रत्येक महिन्याची रक्कम वेगळ्या ओळीत, ती देय झाल्याची तारीख आणि शेवटी एकूण बेरीज द्यावी. नेमणूकपत्र, पगारचिठ्ठ्या, बँकेचे खातेपुस्तक, हजेरीची छायाचित्रे, ईमेल, व्हॉट्सअपवरील संभाषण, ओळखपत्र, पीएफचे पासबुक असे जे असेल ते जोडावे. नेमणूकपत्र नाही म्हणून दावा बुडत नाही, कारण बँकेत दरमहा जमा होणारी तीच रक्कम आणि सहकाऱ्याची साक्ष यांनीही नोकरी सिद्ध होते. अर्जापूर्वी मालकाला रकमेचा तपशील देऊन स्पीड पोस्टाने आणि ईमेलने मागणीपत्र पाठवावे व पोच जपून ठेवावी. मालकाकडून ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे एका ओळीचे उत्तर आले, तर ते दहा पानी प्रतिज्ञापत्राइतके मोलाचे ठरू शकते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. १९८७ च्या कायद्यानुसार औद्योगिक कामगार, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही गोष्ट ज्यांना खरी गरज असते त्यांच्यापर्यंत फार क्वचित पोहोचते.

आदेश हाती आल्यावरही मालकाने पैसे भरले नाहीत, तर अधिकारी जिल्हाधिकाऱ्याकडे वसुली प्रमाणपत्र पाठवतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. प्रत्यक्षात हे प्रमाणपत्र तहसील कार्यालयात जाऊन पडून राहते. म्हणून त्याचा जावक क्रमांक मागून घ्यावा, तहसीलदाराला मालकाच्या बँक खात्याचा, जागेचा, यंत्रसामग्रीचा आणि त्याला ज्यांच्याकडून पैसे येणे आहेत त्या ग्राहकांचा तपशील लेखी द्यावा, आणि दर पंधरवड्याला पोच घेऊन विचारणा करावी.